उलट्या पायाची चांदणी

माझ्या हातचं शिवणकाम अमेरिकेत एका संग्रहालयाच्या भिंतीवर टांगलेलं आहे, असं मी सांगितलं की माझ्या सुना एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. मी उशीचा अभ्रा शिवायला घेतला की तो पिशवी होऊन बाहेर येतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे. पण गोष्ट खरी आहे. त्यात कोणाचं चुकलं आणि कोणाचं बरोबर होतं, हे मात्र मला नवव्या वर्षी कळलं नव्हतं आणि सत्तरी ओलांडल्यावरही कळलेलं नाही.

वर्ध्याहून सेवाग्रामकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आम्ही राहायचो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. बाबा बुनियादी शाळेत मास्तर होते, आणि त्या शाळेत मुलांच्या हाती पाटीच्या आधी टकळी येई. घरीही तेच. आई चरख्यावर, बाबा पेटीचरख्यावर, मी टकळीवर. अंगावर, अंथरुणावर, दाराच्या पडद्याला खादीशिवाय दुसरा धागा नाही. विलायती कापड घरात घ्यायचं नाही, हा बाबांचा नियम आणि तो सगळ्यांना लागू. एकदा मामाने माझ्यासाठी गिरणीच्या कापडाचा फ्रॉक आणला, तर बाबांनी तो नीट घडी करून त्याच्याच पिशवीत परत ठेवला. गिरणी नागपूरची आहे, विलायतेची नाही, असं मामा जेवणभर सांगत होता. मी जेवणभर रडत होते.

अशा घराच्या शेजारी अमेरिकन बाई राहायला आली. शाळेतल्या लहान मुलांच्या वर्गावर तिला नेमलं होतं. वय चाळिशीचं, अंगाने काटक, पांढरी खादीची साडी घोट्याच्या वर नेसलेली. सगळं गाव तिला बहनजी म्हणायचं. हिंदी ती पुस्तकातून शिकून आली होती, त्यामुळे आम्ही तिच्यापेक्षा वाईट हिंदी बोलायचो.

तिची लोखंडी पेटी बैलगाडीतून उतरली त्या दिवशी अर्धं गाव आमच्या अंगणात जमलं होतं. अमेरिकेची पेटी! रेडिओ निघेल, फोटोची मशीन निघेल, काय काय निघेल. बहनजीने झाकण उघडलं आणि एकात एक बसणारे पाच लंबगोल लाकडी डबे बाहेर काढले. कागदासारखी पातळ फळी वाकवून तांब्याच्या बारीक खिळ्यांनी जोडलेली. मग लोण्यावर उमटवायचा एक लाकडी ठसा, त्यावर गव्हाची पेंढी कोरलेली. आणि सगळ्यात खाली एक गोधडी.

लोकांचा चांगलाच विरस झाला. डबे तिच्या आजोबांनी केलेले, ठसा त्यांच्याच कुणा भावाने कोरलेला, गोधडी आजीने शिवलेली. "सब घर का बना है," असं ती मोठ्या कौतुकाने सांगत होती आणि लोक एकेक करून घरी जात होते. घरचं बनवलेलंच बघायचं तर त्यासाठी अमेरिका कशाला, असं त्यांना वाटलं असणार.

"गरिबाघरची दिसते बिचारी," आई घरात येऊन म्हणाली. "चिंध्या जोडून पांघरते." आणि वाटीभर जवसाची चटणी माझ्या हाती देऊन तिने मला शेजारी पिटाळलं.

माझ्या आईच्या हातची गोधडी म्हणजे गावात शब्द होता. आळीतल्या बाया जुनी लुगडी घेऊन तिच्याकडे यायच्या, आणि ती थरावर थर घालून, बाहेरून आत असे गोल गोल टाके टाकत अशी गोधडी करायची की पलटली तरी उलट-सुलट कळू नये. त्यामुळे ही परदेशी गोधडी बघितल्यावाचून तिला राहवेना. चारच दिवसांत ती बहनजीच्या बाजेवर बसून तिचं एकेक टोक चिमटीत धरून बघत होती. वर चिटाचे तुकडे, कुठे बारीक फुलं, कुठे तपकिरी ठिपके, कुठे रेघा. मध्ये पिंजलेला कापूस. खाली पांढरं अस्तर. उजेडाकडे धरलं की कापसात बारीक काळे कण दिसायचे.

"सरकी हाय आत," आई म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. आमचा सगळा मुलूख कापसाचा. घरी पिंजलेल्या कापसात कितीही निवडलं तरी सरकीचा कण राहतोच. अमेरिकेतही राहतो, हे तिला फार आवडलं.

पण बाकीचं तिच्या डोक्यात शिरेना. तुकडे झिजलेले नव्हते. बऱ्याचशा जागी नवं कोरं कापड कापून त्याचे त्रिकोण केले होते आणि ते जोडून आठ-आठ टोकांच्या चांदण्या.

"नवं कापड काऊन फाडलं असेल?" आई मला विचारत राहिली. "आपण फाटलेलं जोडतो. हे लोक जोडासाठी फाडतात?" मला काय कळणार? मी चांदण्या मोजल्या. सहा आडव्या, सात उभ्या.

थंडीच्या सुरुवातीला बहनजी महिनाभर पदयात्रेला निघाली. निघायच्या आदल्या दिवशी ती गोधडी घेऊन आली. उंदरांनी एका कडेला वीतभर कुरतडली होती. तेवढी कड आईने नीट करून द्यावी आणि ती परत येईपर्यंत गोधडी आपल्याकडे सांभाळावी, एवढंच तिचं म्हणणं. आईला एवढा मान कुणी दिला नव्हता. तिने दोन्ही हातांनी गोधडी घेतली.

बाबा संध्याकाळी शाळेतून आले आणि दारातच थांबले.

"हे विलायती कापड हाय," ते म्हणाले.

"पण हातानं शिवलं हाय," आई म्हणाली.

इथे बाबा अडले. हातानं केलेलं ते आपलं, यंत्राचं ते परकं, एवढ्यावर त्यांचं सगळं चाललं होतं. कापड यंत्राचं आणि मेहनत हाताची अशी वस्तू घरात आली तर काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पायांतल्या वहाणाही न काढता ते ओट्यावर बसून राहिले. मग त्यांनी निकाल दिला. टाके हाताचे आहेत, म्हणून गोधडी घरात राहू शकते. कापड गिरणीचं आहे, म्हणून ती कोणी पांघरायची नाही.

मी मात्र ती दुपारी गुपचूप पांघरून बघितली. खादीपेक्षा मऊ होती. मला खूप अपराधी वाटलं आणि तरी मी दुसऱ्या दिवशीही पांघरली.

असंच पडल्या पडल्या मला ती चांदणी दिसली. खालच्या कोपऱ्यातली. बाकी एक्केचाळीस चांदण्यांची आठही टोकं बाहेर गेलेली आणि हिचं एक टोक आत वळलेलं. आता आमच्या गावात पोराटोरांनाही माहीत होतं की उलटे पाय कोणाचे असतात. नदीकाठच्या बाभळीखाली एक उलट्या पायांची राहते, ती दिसली तर मागे वळायचं नाही, हे आम्ही एकमेकींना शिकवायचो. मी धूम ठोकली ती थेट चुलीपाशी.

"आई, बहनजीच्या गोधडीत एका चांदणीचा पाय उलटा हाय!"

आईने पिठाचे हात झटकले आणि येऊन बघितलं. आधी ती हसली. मग तिने टोक नखाने दाबून पाहिलं आणि हसायची थांबली. त्या तुकड्याचे टाके तिला बघवेनात. एक हा एवढा, एक तो तेवढा, एक भलतीकडे गेलेला.

"एवढी गोधडी केली आणि इथे काय झोप लागली होती का म्हातारीले?" ती म्हणाली. "अन् हे पायाशी घेऊन निजते ते बाई. एकटी, परक्या मुलखात."

आई अंधश्रद्धाळू होती असं मी म्हणणार नाही. उलट्या पायाचं तिने अर्धं हसण्यावारीच नेलं. पण उरलेलं अर्धं होतं, आणि त्याच्या जोडीला तिच्या हाताचा अभिमान होता. कड तर तिने दोन दुपारींत लपवून टाकली, उंदीर कुठे लागला होता ते शोधून सापडलं नसतं. मग ती त्या चांदणीकडे वळली. वरचे टाके उसवले, चार बोटांचा तो तुकडा सोडवला, फिरवला आणि टोक बाहेर काढून परत बसवला. त्यासाठी तिने आपल्याच हातचं सूत दुपदरी पिळून घेतलं. टाके असे बारीक, की मोजायला डोळे ताणावे लागत. शेवटचा टाका घेताना तिने आत हळद लावलेले चार ज्वारीचे दाणे सोडले. गोधडी रिकाम्या पोटी मिटवायची नाही, ही आमच्या घरची पद्धत. पोट भरलेलं असलं की पांघरणाऱ्याला झोप लागते म्हणतात.

मला इतका अभिमान वाटला! चूक मी शोधली होती. आळीत मी सगळ्यांना सांगून आले.

बहनजी परत आली ती उन्हाने रापून आणि पायाला फोड येऊन. आईने तिला आधी पाणी दिलं, मग भाकरी दिली, मग गोधडी. कड बघून ती खूश झाली, आईचे हात तिने आपल्या हातात घेतले. मला धीर धरवेना. मी तिचं बोट धरलं आणि कोपऱ्यातल्या चांदणीवर नेऊन ठेवलं.

"हे पाहा! आईने हेही ठीक केलं!"

तिचं बोट त्या जागेवर फिरलं. एकदा, दोनदा. मग ती खाली बसली. ती रागावली नाही. ती हसलीही आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, आणि या दोन्हीतलं खरं कुठलं ते आम्हाला कळेना. आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आईकडे.

मग तिने सांगितलं. बाबा तोवर आले होते, त्यांनी तिचं हिंदी आमच्यासाठी सोपं केलं. आजी एका हिवाळ्यात ही गोधडी शिवत होती, तेव्हा तिची मुलगी हट्ट करून शेजारी बसली. मुलगी नऊ वर्षांची. आजीने तिला एक तुकडा जोडायला दिला. तिने तो उलटा जोडला. आजीने तो उसवला नाही, तसाच राहू दिला. ती मुलगी म्हणजे बहनजीची आई. बहनजी चार वर्षांची असताना ती वारली. तिचा फोटो नव्हता, तिचं तोंड बहनजीला आठवत नव्हतं. हे तेवढे टाके होते. अंथरुणात पडलं की ती बोटाने तो कोपरा शोधायची, टाके हाताला लागले की झोपायची. लहानपणापासून.

"कोई बात नहीं," ती आईला म्हणाली. "बहुत सुंदर है। रहने दीजिए।" आणि गोधडी घेऊन आपल्या खोलीत गेली.

मी ओट्याखाली जाऊन बसले. मला माझी लाज वाटत होती. पण राग पण येत होता. चूक होती ना ती? मग चूक सुधारली तर वाईट कसं झालं? शाळेत आम्ही चुकीचं गणित तसंच ठेवलं असतं तर बाबांनी हातावर छडी दिली असती. मी बाबांना विचारलं. बाबांकडे सगळ्याचं उत्तर असायचं. ते म्हणाले, "मले नाई माहीत." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं आणि आणखीच घाबरले.

आईने दुसऱ्या दिवशी चरखा बाजूला सारला आणि गुडघ्यांवर बसून जमीन धुंडाळायला लागली. त्या तुकड्यातून उसवलेला दोरा तिने इथेच कुठे झटकला होता. तिला तो हवा होता. पण जिथे तीन माणसं रोज सूत कातत, त्या घरातल्या सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या दोऱ्याला काय तोटा? कोपऱ्यात दोरा, उंबऱ्याच्या फटीत दोरा, केरसुणीत गुरफटलेला दोरा. आम्ही दोघींनी ओंजळभर जमवला आणि दारातल्या उजेडात धरून एकेक तुकडा बघत बसलो. हा आपला की तिचा? हा जरा पिवळट दिसतो, तिचा असेल. नाही, याला आपला पीळ आहे. शेवटी आईने सगळाच्या सगळा पदरात बांधला, मला हाताला धरलं आणि शेजारी गेली.

"बहनजी, ते गोधडी द्या," ती म्हणाली. तिला हिंदी येत नव्हतं आणि त्या दिवशी तिने प्रयत्नही केला नाही. बहनजीने ती आणून दिली. आईने आपलेच ते बारीक टाके उसवले. तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. तुकडा सुटला, तो तिने परत उलटा ठेवला, खाली दाण्यांबरोबर ती दोऱ्यांची गुंडी सरकवली आणि सुई माझ्या हातात दिली.

"तू शिव."

"मी?"

"नऊ वर्षांचीच होती ना ते? जसं येते तसं शिव."

माझं डोकंच चालेना. जन्मभर याच बाईने माझे वाकडे टाके उसवून उसवून माझ्या बोटांना भोकं पाडली होती. आता ती म्हणते, येईल तसं शिव. मी मुद्दाम वाकडं घालायचं की सरळ घालायचं? मुद्दाम घातलं तर ते खोटं होईल, असं मला वाटलं. मग मी ठरवलं, सरळच घालायचं, जीव लावून. मी जीभ दातांत धरून इतकं सरळ शिवलं, जितकं उभ्या आयुष्यात कधी शिवलं नव्हतं. आणि झालं असं की एक टाका हा एवढा, एक तो तेवढा आणि एक भलतीकडे गेला. मला रडू फुटलं. आईने पदराने माझं नाक पुसलं आणि टाके उसवले नाहीत.

बहनजी उंबऱ्यावर बसून बघत होती. माझं झाल्यावर तिने गोधडी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग इंग्रजीत काहीतरी म्हणाली. बाबा तिथे नव्हते आणि आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला तेवढा मला कळला.

"सापडलं का तिले?" आईने वाटेत मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. आईने घरी बाबांना विचारलं, शेजारणीला विचारलं. बहनजीला मात्र विचारायचा धीर तिला कधी झाला नाही. पुढच्या वर्षी बहनजी मायदेशी गेली. लोण्याचा ठसा तिने आईला दिला, गोधडी पेटीत सगळ्यात खाली गेली. सुरुवातीला पत्रं आली, मग थांबली. आई पुढे कितीतरी वर्षं, गोधडीचा शेवटचा टाका घालताना मध्येच सुई थांबवायची आणि म्हणायची, "सापडलं असेल का गं?"

त्यानंतर पन्नासएक वर्षांनी पत्र आलं. बहनजीच्या भाचीचं. शाळेच्या पत्त्यावरून फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचलं. बाबा नव्हते. आई पंच्याऐंशीच्या घरात होती, डोळ्यांनी अधू, बाजेवर पडून असायची. पत्रात बहनजी गेल्याचं कळवलं होतं आणि एक फोटो होता. त्यांच्या गावच्या लहानशा संग्रहालयात आजोबांचे डबे काचेत मांडलेले, मागे भिंतीवर गोधडी. सोबत भिंतीवरच्या पाटीचा मजकूर भाचीने उतरवून पाठवला होता. तो मी मोठ्याने वाचला. अमुक काळातली गोधडी, हाताचं शिवण. उजव्या कोपऱ्यातली सदोष चांदणी शिवणाऱ्या बाईच्या नऊ वर्षांच्या मुलीने जोडली आहे.

मी भिंग घेऊन फोटो बघितला. उलटा पाय तिथेच होता. टाके माझे होते. एवढा, तेवढा आणि भलतीकडे गेलेला. मला काय वाटलं ते मी खरं सांगते, मला राग आला. माझे टाके, आईचं सूत, आमच्या घरचे दाणे, आणि पाटीवर आमचं नाव सोडा, गावाचंही नाव नाही.

"आपलं काई लिहिलं हाय का त्यात?" आईने विचारलं.

"नाई."

"तिच्या मायनं शिवलं असंच लिहिलं?"

"हो."

आई पांघरुणाची कड चिमटीत धरून चोळायला लागली. मला वाटलं तिलाही लागलं. मी घाईघाईने पत्राचा शेवट वाचायला घेतला. मावशीला अखेरच्या वर्षात काहीच दिसत नव्हतं, असं भाचीने लिहिलं होतं. माणसंही ओळखू येत नव्हती. पण गोधडी अंगावर घातली की तिचा हात आपसूक त्या कोपऱ्याकडे जायचा आणि तिला झोप लागायची.

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"हात जात होता ना?"

"जात होता."

"मंग सापडलं तिले," आई म्हणाली, आणि कुशीवर वळून तिने डोळे मिटले.